गिऱ्हाईक लिहितं, गूगल वाचतं

आमच्या गटाची खानावळ फाट्यावर आहे. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि रविवारी मासवडी. समोरून दिवसभर गाड्या जातात, पण थांबतात त्या पुढच्या मोठ्या धाब्यावर. असं का, ते एका गिऱ्हाईक बाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही गाडीत बसूनच फोनवर जेवणाचं ठिकाण शोधतो. तिथं तुम्ही दिसतच नाही."

मग आमच्या हिशेब लिहिणाऱ्या मुलीनं गूगलच्या नकाशावर खानावळीची नोंद केली. त्याला पैसे पडत नाहीत. नाव आलं, पण यादीत पार खाली. तेवढ्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला: "पाच हजार द्या. पन्नास चांगले अभिप्राय टाकतो आणि तुम्हाला पहिल्या नंबरावर आणतो."

त्या महिन्यात कर्जाचा हप्ता थकला होता. बैठकीत निम्म्या जणी म्हणाल्या, देऊन टाकू. मुलीनं मात्र गूगलनं स्वतः लिहून ठेवलेली माहिती वाचून दाखवली. नकाशावरचा वरचा नंबर पैसे देऊन मिळत नाही. गूगल तीन गोष्टी पाहतं. माणूस जे शोधतोय ते तुमच्याकडे आहे का? तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात? आणि तुमचं नाव किती झालेलं आहे? या तिसऱ्या गोष्टीत गिऱ्हाइकांचे अभिप्राय येतात, म्हणजे किती जणांनी लिहिलं आणि किती स्टार दिले. धाब्याखाली शेकड्यांनी अभिप्राय होते. आमच्याखाली एकही नव्हता.

पाच हजार वाचले, पण आमचं शहाणपण तिथंच संपलं. आम्ही मुंबई-पुण्यातल्या भाच्यांना, जावयांना फोन केले. एका संध्याकाळीत वीस जणांनी "खूप छान" लिहिलं. त्यातल्या कित्येकांनी आमची भाकरी कधी चाखलेलीसुद्धा नव्हती. चार दिवसांत त्यातले बरेच अभिप्राय गायब झाले. न अनुभवलेल्या गोष्टीवर लिहिलेलं गूगलच्या नियमात बसत नाही, असं आढळलं तर ते काढून टाकतात. बक्षीस देऊन लिहून घेतलेलंही चालत नाही. आम्ही तर "अभिप्राय लिहा, ताक फुकट" अशी पाटी रंगवायला टाकली होती! आपल्या भारतीय मानक ब्यूरोनंही २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी मानक काढलं आहे. विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, असं त्यातही आहे.

मग आम्ही साधं केलं. जेवून उठणाऱ्याला हात धुताना सांगायचं, "जसं वाटलं तसं गूगलवर लिहा." बरेच जण हो म्हणून निघून जातात. पण जे लिहितात ते काय खाल्लं तेही लिहितात. त्याचा फायदा आम्हाला उशिरा कळला. एकीनं लिहिलं, "चुलीवरची नाचणीची भाकरी मिळाली, आईची आठवण झाली." आता आमच्या भागात कुणी फोनवर नाचणीची भाकरी शोधली की आमचं नाव वर दिसतं आणि खाली त्या बाईचे शब्द. नुसतं "खूप छान" लिहिलं असतं तर भाकरी शोधणाऱ्याला त्यातून काय कळणार? अर्थात "धाबा" असं शोधलं तर अजून तो मोठा धाबाच वर येतो. त्याचं नाव जुनं आहे.

एक अभिप्राय मात्र लागला. "नकाशावर उघडं दाखवतं, इथं कुलूप." एकच स्टार. त्या दिवशी मंगळवार होता, आम्ही सगळ्या आठवड्याच्या बाजाराला गेलो होतो. आमच्यातली एक रडकुंडीला आली, दुसरी म्हणाली, पुसून टाका. पण पटला नाही म्हणून अभिप्राय आपल्याला पुसता येत नाही. नियम मोडला असेल तरच तक्रार करता येते, आणि हा माणूस तर खरंच बोलत होता. आम्ही त्याखाली उत्तर लिहिलं: "चूक आमची. तुम्हाला उपाशी जावं लागलं, माफ करा. मंगळवारी खानावळ बंद असते, आता वेळा बरोबर टाकल्या आहेत." आणि खरोखरच त्याच रात्री टाकल्या.

तो एक स्टार अजून तिथंच आहे. गेल्या रविवारी एक कुटुंब आलं. आजीबाई खुर्चीवर टेकता टेकता म्हणाल्या, "तुमचं ते उत्तर नातवानं वाचून दाखवलं, म्हणून मंगळवार टाळून आलो." पाच ताटं लागली, आणि वर मासवडी बांधून नेली.