नागीण : पहिले तीन दिवस

नागीण हा लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच उत्तरार्ध. खपल्या पडतात, पण विषाणू अंगातून जात नाही. कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे निपचित राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने तो त्वचेवर येतो. इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्याच रुग्णांच्या १६ वर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली हे मांडले.

आधी दुखते, मग दिसते. छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला आग, मुंग्या, ठणका. सदऱ्याचे कापड घासले तरी कळ उठते. त्वचा मात्र स्वच्छ, त्यामुळे हे दुखणे कधी हृदयाचे वाटते, कधी मुतखड्याचे. काही दिवसांत लालसर पट्टा उमटतो आणि त्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचे पुंजके येतात. मज्जातंतू एकाच बाजूच्या त्वचेला जात असल्याने पट्टा सहसा मध्यरेषेशी थांबतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही भीती म्हणूनच निराधार आहे. उत्तर प्रदेशात याच पट्ट्याला जनेऊ (जानवे) म्हणतात आणि कोळी अंगावरून फिरल्याचा दोष देतात.

लेप आणि मंत्र यांचे नाव राहते, कारण फोड एरवीही दोन ते चार आठवड्यांत बरे होतात. पण त्यात औषधाची वेळ हातची जाते, आणि हे नुकसान फार मोठे आहे. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वांत उपयोगी पडतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवावी. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. दृष्टी जाऊ शकते.

घरी सैल सुती कपडे, गार पाण्याची घडी, कॅलामाइन आणि वेदनाशामक गोळी एवढे पुरते. फोड फोडू नयेत, झाकून ठेवावेत. त्यांतल्या पाण्यातून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात. लखनौच्या वृंदावन योजनेसारख्या वसाहतीत हे विशेष जपायला हवे. जवळच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत मूत्रपिंड प्रत्यारोपण होते, आणि त्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. खपल्या धरेपर्यंत अशा रुग्णांपासून, तान्ह्या बाळांपासून आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर स्त्रियांपासून दूर राहावे.

फोड गेले तरी काहींची आग महिनोन्‌महिने राहते; साठीनंतर हे अधिक घडते. ही वेदना मज्जातंतूला झालेल्या इजेची असते, मनाचे खेळ नव्हेत. साध्या गोळ्यांनी ती सहसा हटत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन लागते, आणि रुग्णाला झोप मिळू लागणे हे सुधारणेचे एक चिन्ह असते. घरच्यांनी तोवर धीर धरायला हवा.

नागीण टाळण्यासाठीची शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३ साली आली. पन्नाशीपुढच्यांना दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस देतात. ती महाग आहे, पण तिच्यात जिवंत विषाणू नाही, आणि नागीण होऊन गेलेल्यांनाही पुरळ पूर्ण बरे झाल्यावर ती घेता येते.