किताब जन्मभराचा, खेळ रोजचा



२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तिचं कौतुक आपण सगळ्यांनीच केलं. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या अंतिम सामन्यात तिच्यासमोर बसलेल्या बाईबद्दल. तिचं नाव कोनेरू हंपी. दिव्या तेव्हा १९ वर्षांची होती, हंपी ३८ची. आधीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, निकाल लागला तो जलद डावांत.

ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वांत मोठा किताब. त्यासाठी साधारणपणे तीन वेळा ठरलेल्या दर्जाची कामगिरी करावी लागते, तिला नॉर्म म्हणतात. शिवाय रेटिंग २५००पर्यंत न्यावं लागतं. दिव्याला हा किताब विश्वचषक जिंकल्यामुळे थेट मिळाला. किताब एकदा मिळाला की जन्मभराचा. रेटिंगचं मात्र तसं नाही. जिंकलं की चढतं, हरलं की उतरतं.

हंपी आंध्र प्रदेशातल्या गुडिवाड्याची. वडिलांनी नोकरी सोडली आणि लेकीला शिकवायला घेतलं. २००२ साली, अवघ्या १५व्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. भारतातली ती पहिलीच महिला ग्रँडमास्टर. पुढे तिनं २६००चं रेटिंगही ओलांडलं.

२०१७ साली तिला मुलगी झाली. जवळपास दोन वर्षं ती स्पर्धांपासून दूर होती. आता हिचा खेळ संपला, असं आपल्याकडे किती सहज म्हटलं जातं! पण २०१८ साली ती ऑलिंपियाडला उतरली, तेही बाटुमीतच. २०१९च्या डिसेंबरात मॉस्कोत ती जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. २०२४च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला पुन्हा एकदा. म्हणजे तिची ही दोन्ही जगज्जेतेपदं आई झाल्यानंतरची आहेत.

मैत्रिणींनो, स्पर्धा म्हटली की कित्येक दिवस घराबाहेर राहावं लागतं. रोज चार-चार, पाच-पाच तास एका जागी बसून डोकं चालवायचं. बाळंतपणानंतर बाईला हे जमायचं, तर घरात कुणीतरी मूल घ्यायला हवं आणि ‘तू जा’ म्हणायला हवं.

आपल्या मुली शाळेत बुद्धिबळ खेळतात, बक्षिसं आणतात. दहावी आली की पट माळ्यावर जातो. मुलाचा पट मात्र बऱ्याचदा खालीच राहतो. लग्न झालेल्या मुलीला तर ‘अजून खेळतेस?’ असं कुणी विचारतही नाही.

आमचं मागणं साधं आहे. आपल्या घरातली मुलगी ग्रँडमास्टर होईल की नाही, ते पुढचं पुढे. तिचा पट खाली काढा. घरात सून असेल, जाऊ असेल, तर आठवड्यातली एक दुपार तिचं मूल आपण सांभाळू आणि तिला तिच्या कामाला, तिच्या खेळाला बसू देऊ.