क्लेम चालू असताना विमा कंपनी बदलावी का?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवात ज्येष्ठांनी काहीतरी उपयोगाचं बोलावं, असं समितीने ठरवलं. माझी नोकरी बँकेत गेली, म्हणून कागदपत्रांचं काही असलं की लोक माझ्याकडे येतात. हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. "काका, गाडी ठोकली गेली, क्लेम अजून मिळाला नाही, आणि पॉलिसी या महिन्यात संपतेय. दुसरी कंपनी स्वस्तात देतेय. बदलू का?" आज त्यावरच बोलतो.

पूर्वी हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा सरकारी झाला. चार कंपन्या होत्या आणि मोटार विम्याचा दर सगळीकडे एकच. २००० नंतर खाजगी कंपन्या आल्या, आणि १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दर ठरवायला कंपन्या मोकळ्या झाल्या. आता मोबाईलवर दहा दर दिसतात, मोह होणारच.

पहिली गोष्ट, कंपनी बदलता येते. क्लेम चालू आहे म्हणून कोणी अडवू शकत नाही. अपघात ज्या दिवशी झाला, त्या दिवशी जी पॉलिसी चालू होती तिच्यावर तो क्लेम बसतो. समजा १० मार्चला चरणमाळ घाटात गाडी घासली, ३१ मार्चला पॉलिसी संपली आणि १ एप्रिलपासून तुम्ही दुसरीकडे गेलात. १० मार्चच्या नुकसानीचे पैसे जुन्याच कंपनीने द्यायचे. तुम्ही खातं दुसऱ्या बँकेत नेलं म्हणून पहिल्या बँकेकडचं तुमचं येणं बुडत नाही, तसंच हे. मात्र वर्षाच्या मधेच पॉलिसी रद्द करून जाऊ नका. त्या वर्षी क्लेम घेतला असेल तर उरलेल्या काळाचा हप्ता परत मिळत नाही. मुदत संपेपर्यंत थांबा.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के सूट, तीही फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर. हा बोनस मालकाचा असतो, कंपनी बदलली तरी सोबत येतो. पण नियम नीट ऐका: मागच्या वर्षात क्लेम केलेला नसावा आणि प्रलंबितही नसावा. "पैसे अजून मिळाले नाहीत, म्हणजे क्लेम झालाच नाही" असं नाही. क्लेम लटकलेला असला तरी बोनस गेला.

इथेच माणसं फसतात. आपल्याच एका सभासदाच्या भाच्याची गोष्ट आहे, नाव सांगत नाही. क्लेम चालू होता. एजंट म्हणाला, "काही व्हत नही भाऊ, नो क्लेम लिहून टाकू." स्वतःच्या नुकसानीचा हप्ता दहा हजार, ३५ टक्के सूट धरली, साडेतीन हजार वाचले. पाच महिन्यांनी कोंडाईबारी घाटात मागून ट्रकने धडक दिली. नव्या कंपनीने जुनीकडे चौकशी केली आणि क्लेम नाकारला, कारण फॉर्मवर छापलेलंच असतं की माहिती खोटी निघाली तर गाडीच्या नुकसानीचे लाभ जप्त होतील. दुरुस्तीचे ८४ हजार घरातून गेले. फॉर्म एजंटने भरला होता, पण सही भाच्याची होती. बँकेतही आम्ही हेच सांगायचो, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.

म्हणून दर विचारतानाच सांगा, "या वर्षी क्लेम आहे, बोनस शून्य धरा." मग जे आकडे येतील त्यांचीच तुलना करा. बऱ्याचदा फरक फारसा उरत नाही.

तिसरी गोष्ट, एका दिवसाचीही खिंड पडू देऊ नका. बोनस असलेल्यांना नव्वद दिवसांची सवलत आहे, पण ती फक्त बोनसपुरती. त्या दिवसांत विमा नसतो. विना विमा गाडी सापडली तर पहिल्या वेळी दोन हजार दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. ते सोडा, साक्री रस्त्यावर कोणाला धक्का लागून तो माणूस दगावला तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. मग आपण हप्ते फेडून घेतलेलं हे घरसुद्धा धोक्यात येतं.

चौथी गोष्ट, मोडलेली गाडी. दुरुस्ती बाकी असताना नवीन कंपनीने पाहणी केली, तर जुना चेपलेला भाग ती लिहून ठेवते आणि त्याची जबाबदारी घेत नाही. ते रास्तच आहे. शक्यतो दुरुस्ती उरकून घ्या. आधीचे, नंतरचे फोटो आणि गॅरेजचं बिल जपा. पुढे पुन्हा त्याच बाजूला लागलं, तर नवीन सर्व्हेअर "हे जुनंच आहे" म्हणू शकतो. तेव्हा बिलच कामाला येतं.

पाचवी गोष्ट नवीन गाडीवाल्यांसाठी. सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तिसऱ्या पक्षाचा विमा तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. तो जुन्या कंपनीकडे चालू असेल तर पुन्हा पैसे भरू नका. फक्त स्वतःच्या नुकसानीचा भाग दुसरीकडे न्या. आणि गाडीवर कर्ज असेल तर नव्या पॉलिसीवर बँकेचं नाव आलं का, ते बघा.

बरेचजण कंपनी बदलतात ते रागाने, क्लेम रखडला म्हणून. पण बदलल्याने जुना क्लेम हलत नाही. त्यासाठी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते घेतात, फी नाही, वकील लागत नाही. मात्र एका वर्षाच्या आत जा. धुळ्याला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. आणि जुनी पॉलिसी रद्दीत देऊ नका. समोरच्या माणसाने न्यायाधिकरणात भरपाईचा दावा लावला, तर नोटीस उशिरानेही येऊ शकते, आणि तेव्हा हाच कागद मागतात.

आपली सोसायटी झाली तेव्हा आवारात स्कूटर आणि सायकली जास्त होत्या. आज पार्किंगवरून वार्षिक सभेत आवाज चढतो. म्हणजे विषय घरोघरचा झाला आहे. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा, मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा. काही अडलं तर संध्याकाळी सहानंतर मी खाली बाकावर असतो. कागद घेऊन या, आणि चष्माही आणा, अक्षर फार बारीक असतं.