कायदा पास झाला? आधी राज्यपालांची सही बघा

(जळगावात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मित्रहो, मोबाईलवर निरोप येतो: 'कायदा पास झाला!' कुणी घाबरतं, कुणी पेढे वाटतं. पण बहुतेक वेळा तेव्हा कायदा झालेला नसतो, फक्त विधेयक मंजूर झालेलं असतं. या दोन गोष्टींच्या मध्ये राज्यपालांचं दार आहे. आज मी त्या दाराबद्दलच बोलणार आहे.

आपल्या राज्यात विधेयक विधानसभा आणि विधान परिषद, दोन्हीकडे मंजूर व्हावं लागतं. मग पीठासीन अधिकाऱ्यांच्या सहीची प्रत राज्यपालांना सादर होते. धनविधेयक असेल तर त्यावर विधानसभा अध्यक्षांचं तसं प्रमाणपत्र लागतं. घटनेच्या अनुच्छेद २०० प्रमाणे राज्यपाल संमती देतात, रोखतात किंवा विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. धनविधेयक नसेल तर फेरविचारासाठी परतही पाठवतात. संमती मिळाली की कायदा राजपत्रात छापला जातो आणि संमतीची तारीख तिथंच सुरुवातीला असते.

हे सगळं कागदी वाटेल. म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण सांगतो. प्रतिभाताई पाटील नाडगावच्या. १९६२ मध्ये जळगावातून आमदार झाल्या, २००४ मध्ये राजस्थानच्या राज्यपाल. २००६ मध्ये तिथल्या विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. बहुमत होतं, गाजावाजा होता. प्रतिभाताईंनी सही केली नाही, आक्षेप नोंदवून ते परत पाठवलं. मंजूर झालेला कागदही थांबू शकतो, तो असा.

आता दुसरी बाजू. बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी घालणारं महाराष्ट्राचं विधेयक १९९५ मध्ये मंजूर झालं आणि राष्ट्रपतींकडे गेलं. संमती मिळाली फेब्रुवारी २०१५ मध्ये. वीस वर्षं! त्या काळात आपल्या कुरेशी बांधवांच्या दोन पिढ्या कामाला लागल्या. विधेयक मेलं असं अनेकांनी धरलं होतं. ते मेलं नव्हतं, दिल्लीत पडून होतं.

आणि तिसरं उदाहरण, जे मला सर्वात जास्त बोचतं. जुलै २०१४ मध्ये मुस्लिमांमधल्या मागास घटकांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. अध्यादेशावर राज्यपालांची सही असते, पण विधिमंडळ भरल्यावर सहा आठवड्यांत तो कायद्यात बदलला नाही तर संपतो. उच्च न्यायालयानं शिक्षणातल्या आरक्षणाला स्थगिती दिली नव्हती. तरी सरकारनं विधेयक आणलं नाही आणि डिसेंबरमध्ये अध्यादेश संपला. इथं कुणा राज्यपालांनी काही अडवलं नाही. कागद त्यांच्या दारापर्यंत गेलाच नाही.

धुळ्यातल्या बैठकीत एका मुलीनं विचारलं, 'सर, राज्यपालांना मुदत नसते का?' घटनेत ठरावीक दिवस लिहिलेले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूच्या प्रकरणात मुदत घातली. नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं मत दिलं की न्यायालय अशी मुदत ठरवू शकत नाही आणि सही न होताच संमती मिळाली असंही मानता येत नाही. मात्र कारण न देता फार काळ विधेयक अडवलं तर न्यायालय निर्णय घ्यायला सांगू शकतं.

म्हणून माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी तसा निरोप आला की पुढं ढकलण्याआधी विचारा: कागद आत्ता कुठं आहे? सभागृहात असेल तर आमदाराला गाठा. राज्यपालांकडे असेल तर निवेदन राज्यपालांच्या नावानं लिहा, ते जिल्हाधिकारी कार्यालयातही देता येतं. दिल्लीत असेल तर राष्ट्रपतींच्या नावानं. राजपत्रात आला असेल तर वकिलाकडे जा. आपण अनेकदा मोर्चा काढतो तो कागद पुढं निघून गेल्यावर. राग खरा असतो, पण पत्ता चुकतो.

पत्ता बरोबर असेल तर चार ओळींचं निवेदनही योग्य टेबलावर पोहोचतं.