दिवंगत गायकांपैकी पुन्हा कोणास बोलवावे?



रसिकांच्या बैठकीत एक प्रश्न वरचेवर निघतो. काळाने नेलेल्या गायकांपैकी कोणा एकास एका रात्रीपुरता देह पुन्हा लाभणार असेल, तर कोणाचे नाव घ्यावे? प्रश्न वरकरणी करमणुकीचा आहे. गेलेला माणूस परत येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही उत्तर देताना प्रत्येकाच्या मनाची परीक्षा होते. कारण आपले नेमके काय हरवले आहे, याचा विचार केल्यावाचून या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

पहिले नाव बहुधा तानसेनाचे निघते. ग्वाल्हेरीस महंमद घौस यांच्या मकबऱ्याशेजारी त्याची समाधी आहे आणि शतके लोटली तरी गवई तेथे मस्तक टेकवितात. परंतु तानसेन ध्रुपदाच्या युगातला. आज जे ख्यालगायन कानांवर पडते, ते त्याच्यानंतर पुष्कळ काळाने रूढ झाले. तो परत आला तर त्याचे दर्शन होईल. पण त्याचे गाणे आजच्या श्रोत्याला कितपत उमगेल, याची शंकाच आहे. ज्याला लोक बोलावू इच्छितात तो तानसेन मुख्यतः आख्यायिकेतला आहे, आणि आख्यायिका तर जिवंतच आहे.

दुसरे नाव पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि गायनविद्या प्रतिष्ठित घरांच्या ओसरीवर आणून बसविली. १९३१ साली ते गेले, तथापि त्यांच्या शिष्यांनी गावोगावी विद्यालये काढली आणि ते कार्य चालू राहिले. ज्याचे कार्य चालते आहे, त्यास वेगळे बोलावणे नको.

त्यांचेच चिरंजीव दत्तात्रेय पलुसकर १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तले. मंगेशीचे मास्टर दीनानाथ १९४२ साली बेचाळिशीच्या आतच गेले. या दोघांची नावे घेताना रसिकाचा कंठ दाटून येतो, हे साहजिक आहे. मात्र त्या दुःखाचे स्वरूप निराळे आहे. दोघांचा आवाज ध्वनिमुद्रिकांतून आजही ऐकावयास मिळतो. तेथे हळहळ आहे ती न जगलेल्या वर्षांची. मिरजेस राहिलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचाही स्वर तबकड्यांत सुरक्षित आहे. ते १९३७ साली गेले, पण त्यांची आर्त पुकार ज्यांचा जन्म त्यानंतर झाला त्यांनाही परिचित आहे.

आता अशा एका गायकाचे नाव घ्यावयाचे, ज्यास समकालीन थोर गवयांनी मान दिला, ज्याच्या शिष्यांनी महाराष्ट्राचे कान घडविले, आणि ज्याचा एक स्वरही मागे उरलेला नाही. ते नाव म्हणजे गायनाचार्य भास्करबुवा बखले. लोकांनी त्यांना ‘देवगंधर्व’ म्हटले.

बुवांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी त्या वेळच्या बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. घरची गरिबी. मुलगा संस्कृत शिकण्यासाठी बडोद्यास आला आणि तेथे पिंगळेबुवा या कीर्तनकारांच्या नजरेस त्याचा गळा पडला. पहिले संस्कार झाले ते या कीर्तनकाराच्या हातून. हरिदासाच्या पायांशी बसून ज्याने सूर धरला, तो पुढे उस्तादांच्या दारी गेला, ही गोष्ट मठाच्या अंगणात बसलेल्या श्रोत्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. कीर्तन हे या प्रदेशात गायनाचे पहिले विद्यालय होते. तेथे शुल्क नव्हते आणि जातिवंत गळा ओळखणारा कान मात्र होता.

नंतर भास्कर किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला. ‘रामराज्यवियोग’ नाटकात कैकेयीची भूमिका करणारा हा बालनट लोकप्रिय झाला. मंडळीच्या फिरतीत इंदुरास थोर बीनकार बंदे अली खाँ यांनी त्याचे गाणे ऐकले आणि काही काळ तालीम दिली, असे सांगतात. पण पुढे वयाप्रमाणे आवाज फुटला. ज्या गळ्यावर मुलाची सारी प्रतिष्ठा उभी होती, तो गळाच बदलला आणि रंगभूमीवरील स्थान गेले. अशा वेळी बहुतेक मुले निराश होऊन दुसऱ्या उद्योगास लागतात. या मुलाने बडोद्याची वाट धरली आणि फैज महंमद खाँ यांच्यापाशी ग्वाल्हेर परंपरेची तालीम आरंभिली.

बुवांच्या विद्येचा खरा विस्तार येथून पुढचा आहे. फैज महंमद खाँ यांच्याकडून ग्वाल्हेरची शिस्त मिळाली. त्यानंतर आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांची तालीम लाभली, आणि त्याही पुढे, स्वतःचे नाव सर्वत्र झाल्यावर, जयपूर-अत्रौली परंपरेचे अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व बुवांनी पत्करले. मैफली जिंकणारा गवई पुन्हा शागीर्द होऊन बसतो, यासाठी लागणारी निरहंकारिता विरळ असते.

या तीन विद्या एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे बुवांच्या कार्याची अवघडता ध्यानात येते. ग्वाल्हेरची गायकी बंदिशीला प्रमाण मानते. अस्ताई आणि अंतरा स्वच्छ मांडून, त्याच चौकटीतून आलाप, बोलतान आणि सरळ, दाणेदार ताना उभ्या करते. आग्र्याची गायकी ध्रुपदाच्या अंगाने नोम्‌तोम्‌ आलाप करते, आवाज खुला लावते आणि शब्दांची लयीशी अशी झुंज मांडते की समेवर येताना श्रोत्याची मान आपोआप डोलते. जयपूरची वाट त्याहून वेगळी. तेथे रागही पुष्कळदा अनवट आणि जोड असतात, आकाराचा स्वर अखंड राहतो, आणि एकात एक गुंतलेल्या स्वरमालिका लयीचा तोल न सोडता सरकत जातात. एका विद्येत जो गुण ठरतो तो दुसरीत दोष ठरण्याचा संभव असतो. त्या काळी घराण्यांची कुंपणे फार उंच होती. अशा तीन विद्या एका कंठात केवळ साठविणे वेगळे, आणि त्यांचे एकजीव गाणे करणे वेगळे. बुवांनी दुसरी गोष्ट साधली, अशी त्यांना ऐकणाऱ्यांची साक्ष आहे. ती कशी साधली, हे मात्र आज कोणासही कानाने पडताळून पाहता येत नाही.

कारण बुवांची ध्वनिमुद्रिका नाही. ग्रामोफोन कंपनीच्या गायसबर्ग यांनी १९०२ साली कलकत्त्यास गोहरजानचे गाणे मुद्रित केले. बुवांचे देहावसान ८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यास झाले, त्यांच्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. मधली वीस वर्षे यंत्र या देशात फिरत होते. पण तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत ख्याल मावत नाही, असे मानणारे थोर गवई त्या काळी पुष्कळ होते, आणि आपली विद्या यंत्रातून भलत्याच्या हाती जाईल, हे भयही अनेकांच्या मनात होते. बुवांचे गुरू अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत जगले, त्यांचीही तबकडी निघाली नाही.

या संदर्भात एक विलक्षण योग सांगण्याजोगा आहे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी अल्लादिया खाँ यांच्याकडे दीर्घ तालीम घेण्यापूर्वी काही काळ भास्करबुवांपाशीही शिक्षण घेतले होते. १९७७ साली व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात सोडण्यात आली. त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून ठेवलेल्या सुवर्णतबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. त्यांपैकी पहिले यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडून गेले. शिष्येचा स्वर ताऱ्यांच्या मार्गाला लागला आणि गुरूचा स्वर पुण्याच्या गल्लीतही ऐकू येत नाही. बुवांना एका रात्रीसाठी बोलवावे, असे वाटण्यास याहून सबळ कारण कोणते?

तर मग बुवा आले, असे समजावे. मैफल मांडली, तंबोरे जुळले. श्रोत्यांनी काय मागावे? अनवट राग मागणारे निघतील, तानेची फिरत पाहू इच्छिणारे निघतील. परंतु जाणत्याने यमनच मागावा. ज्या रागात प्रत्येक विद्यार्थी पहिले पाऊल टाकतो, त्याच रागात तीन घराण्यांचा संगम कसा होतो, हे ऐकावे. यमनाचा गंधार लावताना ग्वाल्हेर कोठे संपते आणि जयपूर कोठे सुरू होते, की तशी सीमा दिसतच नाही, एवढे कळले तरी शंभर वर्षांचा वाद मिटेल.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. एका रात्रीने काय साधणार? सकाळ होताच बुवा जातील, आणि ऐकणाऱ्यांपाशी उरेल ती पुन्हा आठवणच. शिवाय ज्याच्या गाण्याचा इतका लौकिक झाला, ते प्रत्यक्ष ऐकून कोणी निराशही होईल; कारण कल्पनेतल्या गाण्याशी कोणताच मानवी कंठ स्पर्धा करू शकत नाही. हा आक्षेप मान्य केला म्हणजे विचार पुढे सरकतो. बुवांचे गाणे एका रात्रीच्या श्रवणाने राहणारे नव्हतेच. ते जेथे राहावयाचे तेथे बुवांनी स्वतःच ठेवले होते.

१९११ साली बुवांनी पुण्यास गायन समाज स्थापिला. तीच संस्था ‘भारत गायन समाज’ या नावाने प्रसिद्ध आहे. आळंदीस जन्मलेले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर त्यांच्या तालमीत वाढले आणि १९७४ पर्यंत ती विद्या गात व शिकवीत राहिले; बंदिशी स्वरलिपीत उतरवून त्यांनी पुस्तकरूपाने छापविल्या. बालगंधर्व त्यांचेच शिष्य. पंजाबातून आलेले दिलीपचंद्र वेदी बुवांच्या अखेरच्या वर्षांत शिकले आणि १९९२ पर्यंत ती स्मृती वागवीत जगले. शिरोडच्या ताराबाई शिरोडकरांनी ती विद्या गोमंतकीय कंठात रुजविली. पेटीवर साथ करणारे गोविंदराव टेंबे यांनी बुवांविषयी लिहून ठेविले.

आणि ‘स्वयंवर’! खाडिलकरांचे हे नाटक १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हा त्याच्या पदांना चाली बुवांनी दिल्या. भूप, यमन, भीमपलास, बिहाग असे भारदस्त राग, आणि त्यांतील ख्यालांच्या घाटावर बसविलेली रुक्मिणीची पदे. ज्या प्रेक्षकांनी उस्तादांची मैफल कधी पाहिली नव्हती, ते ही पदे गुणगुणत घरी गेले. नाट्यगीत ऐकणारा मराठी माणूस, मग तो बेळगावचा असो, इंदूरचा असो वा हैदराबादेचा, नकळत बुवांच्याच हाताखाली राग ओळखावयास शिकला आहे. बालगंधर्वांच्या तबकड्यांतून त्या चाली आजही ऐकू येतात. स्वर शिष्याचा आहे. तो स्वर कोठे थांबावा आणि कोठे वळावा, ही योजना गुरूची आहे.

एवढ्याने हानी भरून निघाली, असे म्हणणे मात्र स्वतःची फसवणूक होईल. शिष्याने जे घेतले ते शिष्याच्या कंठाप्रमाणे घेतले. मास्टर कृष्णरावांची चपळ, खेळकर कल्पना आणि बालगंधर्वांचे लडिवाळ मार्दव ही ज्याची त्याची आहेत. मूळ झरा कसा वाहत होता, हे ओंजळींवरून पूर्ण सांगता येत नाही. जे गेले, ते गेले आहे. आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही.

प्रत्येक गावात, प्रत्येक मठात, अशा काही चाली असतात की ज्या एकदोन वृद्ध कंठांतच उरल्या आहेत. एखादी पहाटेची काकड आरती, एखादी पदांची परंपरागत चाल, मृदंगाचा एखादा ठेका, कीर्तनकाराने विशिष्ट आख्यानात लावावयाची साकी. त्या कंठांचे नाव देवगंधर्व नसेल. पण ते मिटल्यावर त्या चालीही भास्करबुवांच्या यमनाइतक्याच दूर जातील. बुवांच्या काळी मुद्रणयंत्र दुर्मिळ होते. आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे. त्या वेळी सबब होती, आज नाही.

मात्र यंत्रात साठविले म्हणजे कर्तव्य संपले, असेही नव्हे. तबकडी नसताना बुवांचे जे काही उरले, ते कोणीतरी पायांशी बसून शिकले म्हणून उरले. आणि तबकडी असूनही ज्यांचे शिकणारे उरले नाहीत, त्यांचे गाणे कपाटात पडून आहे. वृद्धाचा आवाज टिपून घ्यावा आणि त्याच्यासमोर एखादे मूलही बसवावे. पिंगळेबुवांनी बडोद्यास एका गरीब मुलाचा गळा ओळखला नसता, तर पुढची सारी परंपराच घडली नसती.

दिवंगत गायकास पुन्हा बोलाविणे मनुष्याच्या हाती नाही. जो आज गात आहे, त्याला पुढे कोणी बोलाविण्याची पाळी येऊ नये, एवढी तजवीज करणे मात्र हाती आहे. या मठाच्या सभामंडपात ज्यांनी उभे आयुष्य भजनाला सूर दिला, अशी वडीलधारी मंडळी याच श्रोतृवर्गात बसली आहेत. त्यांच्याकडून एखादी चाल शिकून घेण्यास उद्याची पहाट पुरेशी आहे.