मतदारयादीतील तिसरा रकाना



परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळी असो वा आडवाटेची एखादी वस्ती असो, निवडणुकीचे काम प्रथम शाळेच्या दारी येते. वर्गखोलीचे मतदान केंद्र होते आणि यादी घेऊन घरोघर फिरण्याचे कामही पुष्कळदा शिक्षकाकडेच येते. म्हणून यादीतून कोणाचे नाव गळते, हा प्रश्न शिक्षकाचाही आहे. ज्यांचे नाव सहज गळते, अशांत तृतीयपंथी मतदारांची गणना करावी लागेल.

सरकारी नोंदवहीशी ह्या लोकांचा संबंध जुना आहे. परंतु तो सुखाचा नव्हे. 1871 च्या इंग्रजी कायद्याने संशयित म्हणून त्यांची नावे टिपून ठेवण्याची तरतूद केली. निजामाच्या हैदराबाद संस्थानातही 1329 फसली, म्हणजे इसवी सन 1919 मध्ये, तशाच धर्तीचा कायदा झाला. परभणी तेव्हा त्याच संस्थानात होती. तो कायदा तेलंगणात पुढेही कागदावर राहिला आणि तेथील उच्च न्यायालयाने तो 2023 साली घटनाबाह्य ठरविला. त्या वहीत नाव चढणे म्हणजे पाळत होती. मतदारयादीत नाव चढणे म्हणजे मान आहे. हा फरक ज्यांच्या मनात अद्याप दृढ झाला नाही, त्यांच्या दारी जाताना शिक्षकाने तो ध्यानी ठेवावयास हवा.

संविधानाच्या 326 व्या अनुच्छेदाने प्रौढ नागरिकास मताधिकार दिला. त्यात स्त्रीपुरुषभेदाची अट नाही. तरीही यादीत रकाने दोनच असल्यामुळे तृतीयपंथी व्यक्तीस स्वतःस स्त्री अथवा पुरुष म्हणवून घ्यावे लागे. नोव्हेंबर 2009 मध्ये निवडणूक आयोगाने ‘इतर’ असा वेगळा रकाना ठेवला. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगास मान्यता दिली. 2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी साऱ्या महाराष्ट्रात अशा मतदारांची नोंद सुमारे 6 हजार होती. नऊ कोटींहून मोठ्या यादीत हा आकडा किती लहान, हे सांगावयास नको.

यादीतील नावाने काय घडते, ह्याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने 2017 साली ज्ञानेश्वर कांबळे ह्या तृतीयपंथी व्यक्तीस सरपंच निवडून दिले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील ह्यांनी स्त्रियांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला, तो फेटाळण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2 जानेवारी 2021 रोजी तो निर्णय रद्द केला आणि त्याच महिन्यात त्या निवडूनही आल्या. मत देणारा तोच, मत मागणाराही तोच. दोघांचाही आरंभ यादीतील एका ओळीपासून होतो.

आता कार्यपद्धती. नव्या नोंदणीस नमुना 6 आणि चुकलेला तपशील दुरुस्त करण्यास अथवा पत्ता बदलण्यास नमुना 8 लागतो. वयाची 18 वर्षे 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै व 1 ऑक्टोबर ह्यांपैकी एका दिनांकास पूर्ण झालेली असावीत. नमुना 6 मध्ये नातलगाचे नाव विचारले जाते. घर सुटलेल्या तृतीयपंथी अर्जदाराने तेथे आपल्या गुरूचे नाव लिहावे, अशी सोय त्या नमुन्यातच आहे. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अनेक अर्ज अर्ध्यावर थांबतात. निवासाचा कागद नसेल, तर प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री करावयाची असते. वयाच्या पुराव्यासाठी कोणी शाळेचा निर्गम उतारा मागावयास आले, तर जुने नाव व आजचा वेश ह्यांवरून शेरेबाजी न करता मुख्याध्यापकाने तो द्यावा. अर्ज नामंजूर झाल्यास 15 दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, हेही सांगावे.

मतदानाच्या दिवशी खरी कसोटी लागते. रांगेत कुजबुज होते, कोणी हसते, आणि मनुष्य मत न देताच परत जातो. अशा वेळी कोणत्या रांगेत उभे राहणे सोयीचे, हे त्या मतदारासच हळू आवाजात विचारावे. यादीत लिंगाची नोंद लेखनिकाच्या हातून चुकली असेल, पण व्यक्ती तीच असल्याची केंद्राध्यक्षाची खात्री पटली असेल, तर अशा किरकोळ चुकीकडे दुर्लक्ष करावे असे 1961 च्या निवडणूक नियमांत स्पष्ट सांगितले आहे. मतदान प्रतिनिधीने ओळखीस हरकत घेतली, तर ती त्यानेच सिद्ध करावयाची असते. ती सिद्ध न झाल्यास मतदारास अडविता येत नाही. चेहरा वा आवाज ही हरकत होऊ शकत नाही.

नागरिकशास्त्राच्या तासाला एक व्यक्ती, एक मत, हे मुलांकडून पाठ करून घेतले जाते. मतदानाच्या दिवशी तीच मुले शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून पाहात असतात. केंद्रात येणाऱ्या प्रत्येक मतदाराचे नाव गुरुजी वा बाई सारख्याच स्वरात उच्चारतात की नाही, ह्यावरून तो धडा त्यांना खरा वाटेल किंवा खोटा.