उघड्यावरचे नृत्य आणि आमचे हात



नृत्यावर बोलायला कामगार संघटनेच्या माणसाला कशाला उभे केले, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आमच्याही आले होते. आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि जिनिंगच्या फाटकावर झाले. तालाचे शास्त्र आम्हाला कळत नाही. परंतु दिवसभर राबून शरीर कसे वाकते, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. तेवढ्याच भांडवलावर चार शब्द बोलतो.

जर्मनीत वुपरटाल नावाचे कापडधंद्याचे जुने शहर आहे. एंगल्स 1820 साली ज्या बार्मेनमध्ये जन्मला, ते आज याच शहरात मोडते. तेथे 1973 पासून पिना बाउश या बाईंनी नृत्यनाट्याची मंडळी चालविली. विम वेंडर्स या दिग्दर्शकाने त्यांच्यावर चित्रपट काढायचे ठरविले, तोच 30 जून 2009 रोजी बाई वारल्या. काम थांबले. पण मंडळीतल्या नर्तकांनीच आग्रह धरला, आणि 2011 साली ‘पिना’ हा चित्रपट लोकांपुढे आला.

या चित्रपटातले पुष्कळसे नृत्य नाटकगृहाबाहेर आहे. 1901 साली सुरू झालेली, रुळाला लटकून धावणारी रेल्वे त्या शहरात आहे. नर्तक तिच्या खाली भर रस्त्यात नाचतात, तिच्या डब्यातही नाचतात. एसेनमधली त्सोलफेराइन ही कोळशाची खाण 1986 साली बंद पडली आणि 2001 साली जागतिक वारसा ठरली. तेथेही ते जातात.

आपल्याकडे उदय शंकरांनी ‘कल्पना’ या 1948 च्या चित्रपटात मजूर आणि यंत्र यांचे नृत्य दाखविले होते. पण ते मद्रासच्या स्टुडिओत. तेथे माणसांच्या अंगांतून यंत्र उभे केले होते. येथे माणसेच खऱ्या यंत्राच्या दारी गेली. हा फरक लहान नाही. रंगमंचाची फळी नर्तकाला सांभाळून घेते. माती सांभाळत नाही. तेथे पाय घसरतो, वारा लागतो, आणि तोल ज्याचा त्यालाच सावरावा लागतो. आमच्या माणसांचे कामही असेच उघड्यावरचे.

खरे सांगायचे तर पहिल्यांदा आम्हाला रागच आला. खाणीत माणसे होती तेव्हा तिला कोणी सुंदर म्हटले नाही. माणसे गेली आणि सौंदर्य आले! अकोल्यात आणि बडनेऱ्यात गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून हयात आहे. उद्या तिच्या धुरांड्यापुढे कोणी नाचू लागले, तर तिने टाळ्या वाजवायच्या काय?

हा राग घालवला तो एका मावशींनी. अकोल्यात संघटनेच्या खोलीत, भिंतीवर चादर लावून, आम्ही तो चित्रपट दाखविला. मावशी हंगामात कापूस वेचतात. वेचणीची मजुरी किलोवर; किती वेळा वाकलो याचा हिशेब कोणी धरत नाही. चित्रपटात एक रांग येते. नर्तक एकामागे एक, उघड्या टेकडीच्या कडेने चालतात आणि हातांनी चार ऋतू दाखवितात: वसंतातले इवले गवत, उन्हाळा, गळणारी पाने, थंडीची हुडहुडी. मावशी म्हणाल्या, “भाऊ, हे त आपलंच काम हाय. त्याहीच्याकडे लोकं पाह्यतात, आपल्याकडे कोनी पाह्यत नाही.”

मागून एका रेचेवाल्या पोराने विचारले, “त्याहीले नाचाचे पैसे भेटतात काय?” आम्ही सांगितले, भेटतात, सार्वजनिक पैशावर चालणारी पगारी मंडळी आहे ती. पोरगा म्हणाला, “मंग बराबर हाय.” या दोन वाक्यांत आमचे सारे व्याख्यान आले.

त्यानंतर मावशींनी बसल्या जागी हात हलवून दाखविले. उजवा हात बोंडावर, डावा कमरेला बांधलेल्या कापडाकडे, आणि मध्ये मान एकदा वर, ऊन कुठवर आले ते पाहायला. खोलीत कोणी हसले नाही. आमच्याजवळ त्याचे चित्रीकरण नाही, आणि न विचारता ते केले नाही याचे समाधान आहे.

पिनाबाईंनी 2000 साली आपले एक नृत्यनाट्य पासष्टीच्या पुढच्या साध्या नागरिकांकडून करविले होते. म्हणजे लवचिक, तरुण अंग ही अट नव्हे. अट एकच, की त्या अंगाकडे कोणीतरी नीट पाहावे.

म्हणून आपल्या गावच्या नाचणाऱ्या, चित्रपट काढणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच: जिनिंगमध्ये या, शेतावर या, बंद गिरणीतही जा. पण आधी तेथे राबलेल्या माणसाला विचारा, त्याचा हात कसा चालत होता ते शिका, आणि त्याचा वेळ घेतलात तर त्याची मजुरी द्या. मग खुशाल नाचा. पहिल्या रांगेत आम्ही मावशींना आणून बसवू.